हातचा एक

मे महिन्याच्या संध्याकाळी बोदलकशाच्या तलावावरून वारा सुटला की तेंदूपत्त्याच्या फडावर पानांचा कडसर वास उठतो. तिरोडा तालुक्याचा हा कोपरा म्हणजे तलाव, टेकड्या आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. पहाटे रानात गेलेल्या बायका दुपारभर घराच्या सावलीत बसून पुडकी बांधतात, सत्तर पानांचं एक. दिवस कलताना ती डोक्यावरून फडावर येतात, रांगेत मांडली जातात आणि फडमुन्शी रांगेच्या कडेकडेने चालत मोजतो. त्या संध्याकाळी एका बाईची पुडकी २३५ भरली.

"बाई, दोनशे पस्तीस," मुन्शी म्हणाला.

"अकरा कोड्या न् पंधरा," बाई म्हणाली. वीस पुडक्यांची एक कोडी. दोघांचं जुळलं.

मग मुन्शीने खिशातून कॅल्क्युलेटर काढला. धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलेलं, कळा पिशवीवरूनच दाबायच्या. दर दरवर्षी बदलतो. हिशेबाला सोपा म्हणून आपण शेकड्याला ४०० रुपये धरू, म्हणजे पुडक्याला ४. दोन, तीन, पाच, गुणिले, चार, बरोबर. ९४०.

असा एखादा कॅल्क्युलेटर मागून उघडून पाहिलात तर निराशाच होते. आत बटणसेल, एक पातळ हिरवी पट्टी आणि तिच्या मधोमध डांबराच्या थेंबासारखी काळी टिकली. सगळं जे काही आहे ते त्या टिकलीखाली. कळ दाबल्यापासून ९४० दिसेपर्यंत तिथे काय होतं, हे सांगायचं तर १९६९ सालच्या एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीपर्यंत जावं लागतं. आणि तिथे गेलं की एक गंमत कळते: आज मोबाइलपासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे बसलेला मायक्रोप्रोसेसर कंप्युटरवाल्यांनी कंप्युटरसाठी काढलेला नाही. हिशेबाच्या यंत्राचा खर्च कसा आटोक्यात आणायचा, या निव्वळ दुकानदारीच्या प्रश्नातून तो निघाला.

पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असा पहिला टेबलावरचा कॅल्क्युलेटर म्हणजे १९६१ साली इंग्लंडच्या बेल पंच कंपनीने आणलेला 'अनिता'. त्यात काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या होत्या. १९६४ साली जपानच्या शार्पने ट्रान्झिस्टरवर चालणारा सीएस-१०ए काढला. वजन २५ किलो, किंमत ५ लाख ३५ हजार येन. तेवढ्यात तेव्हा तिकडे मोटार येत असे. पुढच्या पाच वर्षांत चिपा आल्या, यंत्रं हलकी झाली, पण आतली रीत तीच राहिली. बेरजेला एक जोडणी, गुणाकाराला दुसरी, टक्क्यांना तिसरी. यंत्राला काय येतं हे त्याच्या तारांमध्येच पक्कं गुंफलेलं असे. ग्राहकाने वर्गमूळ मागितलं की नवी जोडणी, नवं मॉडेल, नवा खर्च.

बिझिकॉम ही जपानी कंपनी याच कचाट्यात होती. तिला कॅल्क्युलेटरची एक अख्खी मालिका काढायची होती, काही कागदावर छापणारे, काही नुसते दाखवणारे. त्यासाठीच्या चिपा बनवून घ्यायला तिने अमेरिकेतली इंटेल निवडली. इंटेल तेव्हा एक वर्षाचं बाळ होती, १९६८ च्या जुलैत निघालेली, आणि तिचा धंदा होता मेमरीच्या चिपांचा. जून १९६९ मध्ये बिझिकॉमचे इंजिनिअर तिकडे पोचले. त्यांच्यात मासातोशी शिमा होता: शिक्षणाने रसायनशास्त्राचा पदवीधर, वय पंचविशीचं. त्याच्याकडे निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या चिपांचा आराखडा तयार होता. एक कळफलक सांभाळणारी, एक छपाईची, एक बेरजेची, अशी ती वरात.

इंटेलमध्ये हे काम टेड हॉफकडे आलं. त्याला आकडेमोड पटेना. इतक्या वेगळ्या आणि गुंतागुंतीच्या चिपा बनवायला कंपनीकडे माणसं नव्हती, आणि त्यांना जितके पाय हवे होते तितके पाय असलेली वेष्टनं महाग होती. हॉफ त्या दिवसांत पीडीपी-८ नावाचा छोटा कंप्युटर वापरत असे. त्या यंत्राला मोजकेच साधे हुकूम कळत, तरी मेमरीत प्रोग्रॅम घातला की ते वाटेल ते करत असे. मग हिशेबाच्या यंत्राला एवढा लवाजमा कशाला?

जुन्या पेढीवरचा दाखला घ्या. व्याजाचा हिशेब करणारा एक कारकून, अडतीचा दुसरा, वजनांचा तिसरा, असे सगळे तरबेज लोक पगारावर ठेवायचे, ही शिमाची रीत. हॉफ म्हणाला, एकच पोरगा ठेवा. त्याला फार काही येऊ नये. एका अंकात दुसरा अंक मिळवणं, या खणातला अंक त्या खणात ठेवणं, शून्य आहे का ते बघणं, बस. पण त्याच्या हाती एक लांबलचक कागद द्या: आधी हे कर, मग ते कर, हातचा आला तर अमुक ओळीवर जा. पोरगा झपाझप काम करणारा असला की व्याजही निघतं आणि अडतही. काम बदलायचं तर माणूस बदलायचा नाही, कागद बदलायचा. आणि कागद ठेवायचा म्हणजे मेमरीत. मेमरी तर इंटेलचा घरचाच माल.

बिझिकॉमने १९६९ च्या अखेरीस ही कल्पना उचलली. हॉफने स्टॅन मेझरच्या मदतीने आराखडा चार चिपांवर आणला. ४००१ मध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम, २५६ ओळींचा. ४००२ म्हणजे पाटी, तात्पुरते आकडे लिहून पुसायला. ४००३ कळफलक आणि छपाईयंत्राच्या तारा हाताळायला. आणि ४००४ तो पोरगा.

आता हा पोरगा मोजतो कसा, ते जवळून पाहू.

आपले अंक दहा, ० ते ९. यंत्राला फक्त 'आहे' आणि 'नाही' कळतं, १ आणि ०. असे तीन खण घेतले तर आठच खुणा होतात, दहा अंकांना त्या पुरत नाहीत. चार घेतले तर सोळा होतात. म्हणून एका अंकाला चार खण, म्हणजे चार बिट. ४००४ हा चार बिटांचा प्रोसेसर आहे त्याचं मूळ कारण इतकं घरगुती आहे: तो दशमान अंक एकेक करून हाताळायला बनवलेला होता.

पण चार खणांत सोळा खुणा बसतात आणि आपल्याला लागतात दहा. उरलेल्या सहांचं काय? इथे आपल्याकडच्या जुन्या माणसांना फोड करून सांगावी लागत नाही, कारण १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता. यंत्राच्या एका घराचा रुपया सोळा आण्यांचा. सोळा भरले की घर रिकामं होतं आणि शेजारच्या घरात एक हातचा जातो. आपल्याला मात्र हातचा दहालाच हवा. मग युक्ती अशी की बेरीज नऊच्या पुढे गेली की तिच्यात आणखी सहा टाकायचे. दहा अधिक सहा सोळा, रुपया पुरा, हातचा आपोआप पुढे.

मुन्शीची २३५ पुडकी ४००४ ला दिली तर तो ती चार वेळा मिळवील. गुणाकार त्याला येत नाही, बेरीजच करत राहायची. पहिली बेरीज, २३५ अधिक २३५. एककापासून सुरुवात: ५ म्हणजे ०१०१, त्यात ०१०१ मिळवले की १०१०, म्हणजे दहा. नऊच्या वर गेलं. ०११०, म्हणजे सहा, टाका. घर भरून ०००० झालं, हातचा १. दशकात ३ अधिक ३ अधिक हातचा, ०१११, सात. नऊच्या आत, सहाची गरज नाही. शतकात दोन आणि दोन चार. ४७० झाले. त्यात पुन्हा २३५ मिळवले की दशकात सात आणि तीन दहा होतात, तिथे पुन्हा सहाची भर पडते आणि ७०५ येतात. आणखी एकदा, ९४०.

हे 'सहा टाक' नावाचं काम ४००४ च्या ४६ हुकमांपैकी एक स्वतंत्र हुकूमच होता. बेरीज आधीच सोळाच्या पार गेली असेल, जसे नऊ आणि आठ सतरा, तरी तोच हुकूम चालतो: घरात १ उरलेला असतो आणि हातचा गेलेला असतो, सहा टाकले की सात. १७ चा सात. मला स्वतःला साऱ्या चिपेत ही एकच गोष्ट सर्वांत आवडते. शाळेत 'हातचा एक' म्हणून बोट दुमडायला शिकवतात, तेच इथे वाळूपासून बनवलेल्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेलं आहे.

आता पायांची अडचण. इंटेलचं तेव्हाचं चलनी वेष्टन १६ पायांचं, त्यामुळे चिपा आपसात बोलायला फक्त चार तारा मिळाल्या. पण प्रोग्रॅमची कुठली ओळ हवी हे सांगायला बारा बिट लागत आणि ओळ स्वतः आठ बिटांची. मग एक हुकूम आठ टिचक्यांत वाटला. पहिल्या तीन टिचक्यांत ४००४ त्याच चार तारांवरून पत्ता तुकड्यातुकड्याने पाठवतो, चार-चार-चार. पुढच्या दोनांत ४००१ कडून हुकूम येतो, चार-चार. उरलेल्या तीनांत काम. घड्याळ सेकंदाला ७ लाख ४० हजार टिचक्यांचं, म्हणजे सेकंदात नव्वद हजारांच्या आसपास हुकूम. चिंचोळ्या बोळातून बैलगाड्या एकामागून एक काढाव्यात तसं हे. रस्ता रुंद असता तर वेग वाढला असता, पण रुंद रस्त्याचे पैसे नव्हते.

बिझिकॉमच्या १४१-पीएफ या यंत्रात हा एकटा ४००४ केवढी कामं करत असे! कळफलकाच्या आडव्या-उभ्या तारांवर तो सतत फेरी मारतो: पहिल्या ओळीत वीज सोडली, कुठल्या उभ्या तारेतून परत आली का? नाही. दुसरी ओळ. कळ दाबली की पत्रा क्षणभर थरथरतो आणि एकदाच दाबलेली कळ चार-पाचदा दाबल्यासारखी भासते, तेही त्याला ओळखावं लागे. छपाई तर त्याहून नाजूक. पुढे एप्सन झालेल्या शिन्शू सेकीच्या त्या छपाईयंत्रात एक नळकांडं सतत फिरत असे आणि त्यावर प्रत्येक रकान्यात सगळे अंक कोरलेले. ९४० छापायचे तर नळकांड्यावरचा ९ कागदासमोर येईल त्याच क्षणी शतकाच्या हातोडीने टोला द्यायचा, ४ येईल तेव्हा दशकाच्या. क्षण चुकला की आकडा चुकला. नळकांडं कुठवर फिरलं याची खूण ४००४ ला मिळायची आणि हातोड्यांना हुकूम तोच सोडायचा. पूर्वी याला वेगळी चिप लागली असती. इथे तो नुसता प्रोग्रॅमचा भाग होता. सगळा प्रोग्रॅम चार ४००१ मध्ये, १०२४ ओळींत बसवला होता. वर्गमूळ हवं असेल तर पाचवी ४००१ जास्तीची बसवायची. नवी जोडणी नाही, फक्त कागदाला एक पान जोडलं. हा प्रोग्रॅम लिहिणारा शिमा.

कल्पना कागदावर झाली, पण चिप कोण बनवणार? १९७० च्या एप्रिलपर्यंत इंटेलमध्ये त्यावर जवळपास काहीच झालं नव्हतं. त्या महिन्यात फेडेरिको फॅजिन हा इटालियन इंजिनिअर कामावर रुजू झाला आणि काही दिवसांतच शिमा जपानहून कामाची तपासणी करायला हजर. तपासायला काही नव्हतंच. शिमा संतापला, आणि त्या संतापाचा सगळा मारा नव्याने आलेल्या फॅजिनवर. मग दोघांनीच बसून काम उरकायचं ठरवलं. शिमा सहा महिने थांबला आणि जोडण्यांच्या आखणीत राबला. फॅजिनने फेअरचाइल्डमध्ये असताना सिलिकॉनच्या फाटकाची (सिलिकॉन गेट) नवी रीत बसवली होती, तिच्यामुळेच एवढे ट्रान्झिस्टर इतक्या कमी जागेत मावले. १९७० च्या डिसेंबरअखेर चिपा कोरलेल्या सिलिकॉनच्या पहिल्या चकत्या आल्या. फॅजिनने तपासल्या, एकही चालेना. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बनवताना एक थरच टाकायचा राहिला होता. जानेवारी १९७१ मध्ये दुसरी खेप आली आणि ती चालली. त्याने कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवली होती, चित्रकार सही करतो तशी.

एका तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. तुकडा तीन मिलिमीटर रुंद, चार लांब. हा आकडा वाचताना मला मुंबईचा 'टिफ्रॅक' आठवतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये सुरू केलेला, भारतातच आखून बांधलेला कंप्युटर. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या आणि त्याला एक मोठी खोली लागे. दोघांची बरोबरी करणं चूक ठरेल, टिफ्रॅक एका दमात चाळीस बिटांची संख्या हाताळत असे आणि त्याचं कामही वेगळं. पण नळ्यांची खोली आणि भाताच्या दाण्यापेक्षाही आखूड तुकडा, मध्ये वर्षं फक्त अकरा.

करारानुसार ही चिप बिझिकॉमची होती. इंटेल ती दुसऱ्या कोणाला विकू शकत नव्हती, कारण विकासाचे ६० हजार डॉलर बिझिकॉमने दिले होते. पण १९७१ पर्यंत कॅल्क्युलेटरच्या बाजारात भाव कोसळू लागले आणि बिझिकॉमने चिपांची किंमत कमी करायला सांगितली. इंटेलने किंमत कमी केली आणि बदल्यात कॅल्क्युलेटर सोडून इतर कामांसाठी विकायचा हक्क मागून घेतला. घासाघीस करताना बिझिकॉमची म्हैस गेली आणि दावं हाती राहिलं. १५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंटेलने ४००४ ची जाहिरात केली. बिझिकॉम १९७४ मध्ये बुडाली.

पहिल्या मायक्रोप्रोसेसरचा मान कोणाचा, यावर अजून भांडणं चालतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॅरी बून यांनी त्याच १९७१ मध्ये प्रोग्रॅम आणि पाटी दोन्ही पोटात घेतलेली एकसंध कॅल्क्युलेटर चिप आणली. अमेरिकी लढाऊ विमानासाठी त्याआधीच एक चिपांचा संच बनला होता. इंटेलच्या आतही हॉफचं नाव मोठं झालं आणि फॅजिनला वर्षानुवर्षं आपला वाटा सांगत फिरावं लागलं. माझं मत विचाराल तर सर्वांत जास्त अन्याय शिमावर झाला. गिऱ्हाईक म्हणून आला, कारागीर म्हणून राबला. पुढे तो इंटेलमध्ये आला आणि १९७४ च्या ८०८० वर फॅजिनबरोबर पुन्हा बसला.

एक गोष्ट मात्र या वीरकथेत सहसा सांगत नाहीत. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात ४००४ हरला. बिझिकॉमने दुसऱ्या हाताने मॉस्टेक या कंपनीलाही काम दिलं होतं, आणि तिने सगळं एकाच चिपेत कोंबून दिल्यावर १९७१ मध्येच बिझिकॉमचा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर निघाला. हिशेबाच्या यंत्राला चार-पाच-दहा चिपांचा संसार परवडत नव्हता. मुन्शीच्या खिशातलं यंत्र त्या एकचिपी घराण्याचं आहे. त्यातही छोटा प्रोग्रॅम असतो, पण कारखान्यात कोरलेला, बदलता न येणारा. ४००४ ची विद्या मात्र बाहेर पसरली. ८००८, ८०८०, मग सगळे.

आपल्याकडेही हीच वाट दिसते. शिव नाडर आणि त्यांच्या साथीदारांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात आधी कॅल्क्युलेटर विकून पैसा उभा केला आणि त्यावर एचसीएलने कंप्युटर बनवले. हिशेबाचं यंत्र पुन्हा एकदा कंप्युटरच्या आधी.

फडावर अंधार पडायला आला तेव्हा मुन्शीने मोबाइलची बॅटरी लावून वहीत रक्कम लिहिली. मोबाइलच्या आत अब्जावधी ट्रान्झिस्टर, वहीवर प्रकाश पाडण्याच्या कामी. बाई पदर खोचून उभी होती. आपण धरलेल्या दराने तिचा हिशेब असा पडतो: कोडीला ऐंशी. अकरा कोड्यांचे आठशे ऐंशी. उरले पंधरा, पंधरा चोक साठ. नऊशे चाळीस. तिला सहा टाकावे लागत नाहीत. वीस बोटं पुरतात.